ज्यूल वालेस : पुस्तकांशी भांडलेला ग्रंथकार



ग्रंथालयाच्या शतकपूर्तीच्या व्याख्यानमालेत ग्रंथांचे गुणगान व्हावे, हे रीतीला धरूनच आहे. अशा मंगल प्रसंगी ‘पुस्तकांचे बळी’ या शीर्षकाचा लेख लिहिणाऱ्या माणसाचे चरित्र व्याख्यानासाठी निवडले जावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु ज्यूल वालेस या फ्रेंच पत्रकाराचे पुस्तकांशी असलेले भांडण हे घरातल्या माणसाचे भांडण होते. ज्याला पुस्तकांवाचून एक दिवस काढवत नाही, त्याचे ते भांडण होते. ह्यूगो, झोला, मोपासाँ ही नावे मराठी वाचकांच्या ओळखीची आहेत. त्यांच्याच काळात, त्यांच्याच शहरात वावरलेला हा लेखक मात्र आपल्याकडे जवळजवळ अपरिचित राहिला आहे.

वालेसचा जन्म ११ जून १८३२ रोजी मध्य फ्रान्सच्या डोंगराळ प्रदेशातील ल प्युई या गावी झाला. वडील आणि आई दोघेही शेतकरी घराण्यातले. वडिलांनी लॅटिन आणि ग्रीक शिकून शेतीतून सुटका करून घेतली आणि ते शाळेत पर्यवेक्षक म्हणून लागले. फ्रान्सच्या त्या काळच्या सरकारी शाळांत पर्यवेक्षकाची जागा म्हणजे शिक्षकांच्या उतरंडीतील सर्वांत खालची पायरी. विद्यार्थी टिंगल करणार, मुख्याध्यापक दरडावणार, आणि पगार तर पोटापुरताही नाही. तेथून सँ-एतियेन, तेथून नाँत अशा बदल्या होत, परीक्षांमागून परीक्षा देत वडील वर चढत गेले. या चढण्याची सारी किंमत घरात वसूल होत होती. सभ्य मध्यमवर्गात आपण नुकतेच आलो आहोत, तेथून घसरता कामा नये, ही भीती आईवडिलांच्या मनात कायम होती आणि त्या भीतीचे पर्यवसान मुलाला मारण्यात होत असे.

पुढे वालेसने या बालपणावर कादंबरी लिहिली. तिच्या आरंभी आलेला एक प्रसंग विसरता येण्यासारखा नाही. आई मुलाला रोज नेमाने फटके देते. शेजारच्या बालांद्रोबाईंना हे पाहवत नाही. त्या आईकडे जाऊन सांगतात, तुम्हाला घरची कामे असतात, मुलाला मारण्याचे काम माझ्याकडे द्या. आई आनंदाने तयार होते. बाई मुलाला आपल्या खोलीत नेतात, दार लावतात, आणि आपल्याच हातांनी टाळ्या वाजवून फटक्यांचा आवाज काढतात. मुलाने फक्त ओरडायचे! आई बाहेरून ऐकून समाधान पावते. हसू आणि हुंदका एकाच जागी आणण्याची वालेसची जी हातोटी, तिचा परिचय या पहिल्या काही पानांतच होतो.

त्याच कादंबरीतील दुसरा प्रसंग ग्रंथालयाच्या सभासदांनी मुद्दाम ध्यानात घ्यावा असा आहे. शिक्षा म्हणून मुलाला शाळेच्या रिकाम्या अभ्यासिकेत कोंडून ठेवलेले असते. शिक्षक त्याला विसरून निघून जातात. अंधार पडू लागतो. मुलगा मेजांचे खण धुंडाळतो आणि एका खणात त्याला ‘रॉबिन्सन क्रुसो’ सापडते. खिडकीतून येणाऱ्या शेवटच्या उजेडात तो वाचत राहतो. भूक, भीती, अंधार, सारे मागे पडते आणि त्या कोंदट खोलीच्या जागी समुद्राने वेढलेले बेट उभे राहते. पुस्तकाने तुरुंगाची भिंत पाडल्याचे इतके साधे आणि इतके खरे वर्णन क्वचितच वाचायला मिळते. आणि हेच ‘रॉबिन्सन क्रुसो’ पुढे वालेसच्या आरोपपत्रात पहिल्या काही आरोपींमध्ये दाखल झाले!

१८४८ साली फ्रान्समध्ये राजेशाही कोसळली, तेव्हा वालेस नाँतच्या शाळेत होता. सोळाव्या वर्षी त्याने तेथील तरुणांच्या प्रजासत्ताकवादी मंडळात उडी घेतली आणि ‘बाकालोरेआ’ ही शालान्त परीक्षाच रद्द करा, अशी मागणी केली. (ही मागणी करणाऱ्या मुलाला ती परीक्षा पुढे बरीच जड गेली, अखेर १८५२ मध्ये तो तीत उत्तीर्ण झाला.) वडिलांनी त्याला उच्च शिक्षणाच्या तयारीसाठी पॅरिसला पाठवले. २ डिसेंबर १८५१ रोजी लुई नेपोलियनने लष्कराच्या बळावर सत्ता बळकावली. त्या दिवशी रस्त्यावर अडसर उभारू पाहणाऱ्या मूठभर तरुणांमध्ये वालेस होता. कामगार त्यांच्या मदतीला आले नाहीत. उठाव फसला, आणि तो नाँतला घरी परतला.

त्यानंतर जे घडले, ते या चरित्रातले सर्वांत काळे पान होय. मुलाच्या राजकारणामुळे आपली नोकरी जाईल, या धास्तीने वडिलांनी १८५१ च्या शेवटच्या दिवशी त्याला नाँतच्या वेड्यांच्या इस्पितळात दाखल केले. मुलगा वेडा नव्हता, हे वडिलांना ठाऊक होते. पॅरिसमधील मित्रांनी हे प्रकरण चव्हाट्यावर आणण्याची धमकी दिली, तेव्हा दोन महिन्यांनी त्याची सुटका झाली. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, स्वतःच्या आयुष्यावर तीन कादंबऱ्या लिहिणाऱ्या, आईच्या फटक्यांपासून स्वतःच्या फजितीपर्यंत सर्व काही जगापुढे मांडणाऱ्या वालेसने हा प्रसंग त्या तीन कादंबऱ्यांत कोठेही घातला नाही. टीकाकार यावर नाना तर्क करतात. वडिलांच्या ठिकाणी त्याला एक भ्यालेला, पिचलेला माणूस दिसत असावा आणि त्या माणसाला सर्वांसमोर उघडे करणे त्याच्या जिवावर आले असावे, हा तर्क सर्वांत जवळचा वाटतो.

पुढची दहा वर्षे हालअपेष्टांची होती. १८५३ मध्ये सम्राटाविरुद्धच्या कटाच्या संशयावरून तुरुंगवास घडला. पुरावा न मिळाल्याने सुटका झाली. शिकवण्या, कोशांसाठी फुटकळ लेखन, कोणाची तरी लेखनिकी, असे करत दिवस ढकलले. लॅटिन आणि ग्रीक येत होते, पण त्यांना बाजारात भाव नव्हता. १८५७ मध्ये ‘पैसा’ या नावाचे त्याचे पहिले पुस्तक निघाले, तेही नावाशिवाय. साहित्यिकाचा शेअर बाजारवाला झालेल्या गृहस्थाने ते लिहिले आहे, एवढेच वर छापलेले होते. साहित्य सोडा आणि पैशाच्या मागे लागा, असा त्यातील उपदेश. तो उपरोध होता की खरीच उद्विग्नता होती, हे आजही नक्की सांगता येत नाही. पुढे त्याला पॅरिसच्या व्होझिरार भागातील नगरकचेरीत कारकुनी मिळाली. जन्मनोंदणीच्या टेबलावर बसून हा भावी बंडखोर नवजात बालकांची नावे वहीत उतरवीत असे.

१८६१ साली ‘ल फिगारो’मध्ये त्याचा एक लेख प्रसिद्ध झाला. खिशात दमडी नसलेल्या तरुणाचा पॅरिसमधील रविवार कसा जातो, एवढाच त्याचा विषय. पण त्या लेखाने वालेस एका दिवसात लेखक झाला. पुढच्याच वर्षी, १८६२ मध्ये, त्याच पत्रात ‘पुस्तकांचे बळी’ हा लेख आला.

या लेखातले म्हणणे थोडक्यात असे. आपण प्रेम करतो, रडतो, रागावतो, ते पुष्कळदा पुस्तकातल्या माणसांचे पाहून. ‘रॉबिन्सन’ वाचून किती मुले घर सोडून समुद्रावर गेली आणि परत आली नाहीत! बाल्झाकच्या कादंबऱ्यांतील महत्त्वाकांक्षी नायक पाहून खेड्यापाड्यांतले किती तरुण पॅरिस जिंकायला निघाले आणि भाड्याच्या थंड खोलीत संपले! म्युर्झेने कलावंतांच्या दारिद्र्याची गोड, हसरी चित्रे रंगवली. ती खरी मानून उपाशी राहणाऱ्यांपैकी कित्येक इस्पितळात मेले. वालेस हे बाहेरून पाहून लिहीत नव्हता. तो स्वतः त्या बळींपैकी एक होता. लहानपणी वाचलेल्या रोमन वीरकथा आणि फ्रेंच राज्यक्रांतीचे इतिहास यांनीच आपल्याला २ डिसेंबरच्या अडसरावर नेले, हे त्याला कळत होते. पुस्तक हे निरुपद्रवी करमणुकीचे साधन नाही, ते माणसाचे आयुष्य वळवू शकते आणि वाकवूही शकते, असे तो बजावतो. पुस्तकाच्या सामर्थ्याला एवढी मोठी कबुली त्याच्या स्तुतिपाठकांनीही क्वचितच दिली असेल.

१८६५ मध्ये हे व असे लेख ‘ले रेफ्राक्तेर’ या संग्रहात आले. मूळ शब्द पहिल्या नेपोलियनच्या काळातला. सक्तीची सैन्यभरती चुकवून बंदूक घेऊन डोंगरात राहणारे जे तरुण, ते रेफ्राक्तेर. वालेसने हे नाव पॅरिसमधल्या शिकलेल्या पण कोठेच न रुजलेल्या माणसांना दिले. पदवी आहे आणि छप्पर नाही, हस्तलिखित आहे आणि प्रकाशक नाही, ग्रीक भाषा येते आणि बूट फाटलेले आहेत, अशी ही माणसे त्याने नावानिशी, त्यांच्या कोटांच्या रंगांसह उभी केली. तोवर पत्रकारितेत अशा माणसांना थट्टेपुरतीच जागा होती. त्याच वर्षाच्या सुरुवातीला त्याने बाल्झाकवर एक जाहीर व्याख्यान दिले. श्रोत्यांनी डोक्यावर घेतले. मात्र व्याख्यानात राजवटीला चिमटे काढल्यामुळे नगरकचेरीतली नोकरी गेली. साहित्यिक व्याख्यानांना आपल्याकडेही गर्दी होते, पण वक्त्याची नोकरी जावी इतके महत्त्व शासन सहसा देत नाही.

१८६७ मध्ये त्याने ‘ला र्‍यू’ म्हणजे ‘रस्ता’ या नावाचे स्वतःचे साप्ताहिक काढले. नावातच धोरण होते. दरबार, अकादमी, रंगभूमी यांच्याऐवजी फेरीवाले, डोंबारी, कारागीर, रस्त्यावर दिसेल ते लिहायचे. काही महिन्यांतच ते बंद पडले. १८६८ मध्ये लेखांबद्दल दोनदा शिक्षा होऊन तो सेंट-पेलाजी तुरुंगात गेला. १८६९ च्या निवडणुकीत दारिद्र्याचा उमेदवार म्हणून ज्यूल सिमाँसारख्या मातब्बर पुढाऱ्याविरुद्ध उभा राहिला आणि सपाटून पडला.

यापुढची दोन वर्षे फ्रान्सच्या इतिहासातच ज्वालाग्राही होती. १८७० च्या जुलैमध्ये प्रशियाशी युद्ध जुंपले, सप्टेंबरात साम्राज्य कोसळले आणि पॅरिसला वेढा पडला. ७ जानेवारी १८७१ रोजी सकाळी पॅरिसच्या भिंतींवर लाल रंगाचे एक पत्रक झळकले. सरकारने जनतेच्या कम्यूनला जागा करून द्यावी, अशी त्यात मागणी होती. ते लिहिणाऱ्या चौघांपैकी वालेस एक होता. २२ फेब्रुवारीला त्याने ‘ल क्री द्यु पप्ल’, म्हणजे ‘जनतेचा आक्रोश’, हे दैनिक सुरू केले. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात लष्करी हुकमाने ते बंद झाले. १८ मार्चला माँमार्त्रच्या टेकडीवरील तोफा नेण्याचा सरकारचा प्रयत्न फसला आणि सरकार व्हर्सायला पळाले. २१ मार्चला पत्र पुन्हा निघाले. या काळात त्याचा खप पन्नास हजार ते एक लाख यांच्या दरम्यान असल्याचे मानतात. त्या वेळच्या छपाईच्या साधनांचा विचार करता हा आकडा मोठाच आहे. २६ मार्चच्या निवडणुकीत पंधराव्या विभागातून वालेस कम्यूनवर निवडून आला.

या माणसाची खरी परीक्षा येथे झाली. कम्यूनच्या विजयानंतर लगेच ‘ल फिगारो’ आणि दुसरे एक विरोधी पत्र सशस्त्र जमावाने बंद पाडले. हेच ‘ल फिगारो’ कम्यूनवाल्यांना गुंड म्हणत होते. तेव्हा आपल्या पत्रातून वालेसने या बंदीला विरोध केला. एप्रिलमध्ये कम्यूनने आणखी काही वृत्तपत्रे बंद केली, तेव्हा सभागृहातही तो उघडपणे मुद्रणस्वातंत्र्याच्या बाजूने बोलला. स्वतःचे पत्र दहा दिवसांपूर्वी बंद करणाऱ्यांच्या पाठिराख्यांसाठी हे स्वातंत्र्य मागायचे, तेही शत्रूच्या तोफा वेशीशी असताना, ही साधी गोष्ट नव्हती. १ मे रोजी सर्वाधिकारी ‘सार्वजनिक सुरक्षा समिती’ नेमण्याचा ठराव ४५ विरुद्ध २३ मतांनी मंजूर झाला. विरोध करणाऱ्या अल्पमतवाल्यांच्या जाहीरनाम्यावर वालेसची सही आहे.

अर्थात त्याला सर्वस्वी निर्दोष ठरवणे सत्याला धरून होणार नाही. त्याच्याच पत्रात शेवटच्या दिवसांत, शहर शत्रूच्या हाती जाऊ न देण्याची तयारी झाली आहे, अशा अर्थाचा धमकीवजा मजकूर आला होता. पुढे पॅरिसमध्ये आगी लागल्या, तेव्हा विरोधकांनी तोच मजकूर पुरावा म्हणून नाचवला. त्या आठवड्यांत वालेस पत्रात स्वतः फारसे लिहीत नव्हता, हे खरे. पण पत्र त्याचे होते आणि नावही त्याचेच होते.

२१ मे रोजी कम्यूनच्या बैठकीत अध्यक्षस्थानी वालेस होता. सेनाधिकारी क्ल्युझरे याच्यावरील आरोपांची सुनावणी चालू असतानाच व्हर्सायचे सैन्य शहरात शिरल्याची बातमी आली. पुढचा आठवडा इतिहासात ‘रक्तरंजित सप्ताह’ म्हणून नोंदला आहे. हजारो माणसे भिंतीशी उभी करून गोळ्यांनी मारली गेली. याच आगीत राजवाड्याला लागून असलेले लूव्ह्र ग्रंथालय त्यातील हजारो ग्रंथांसह भस्मसात झाले. ह्यूगोने ग्रंथालय जाळण्याच्या घटनेवर एक कविता लिहिली. जाळणाऱ्याला अक्षरओळखही नव्हती, हा तिचा गाभा. वालेसने शिक्षणावर, शाळेवर, पुस्तकांवर जे आयुष्यभर लिहिले, त्याच्या शेजारी ती कविता ठेवून वाचावी. पुस्तकांचा बळी आणि पुस्तकांपासून वंचित राहिलेला माणूस, दोघेही एकाच अडसरावर उभे होते.

२६ मे रोजी आक्सो मार्गावर जमावाने ओलिसांना मारण्यास सुरुवात केली, तेव्हा त्यांना वाचवण्याचा प्रयत्न करणाऱ्यांत वालेस होता. तो प्रयत्न व्यर्थ गेला. याच सुमारास वालेसला गोळ्या घातल्याच्या सविस्तर बातम्या वृत्तपत्रांतून छापून येत होत्या. तो समजून भलत्याच माणसांचे बळी गेले होते. खरा वालेस दाढी उतरवून, रुग्णवाहिकेच्या गाडीबरोबर, वैद्यकीय पथकातला माणूस म्हणून प्रेते गोळा करीत सैनिकांच्या रांगांतून निसटला. काही महिने लपून काढल्यावर तो लंडनला पोहोचला. १८७२ मध्ये लष्करी न्यायालयाने त्याला गैरहजेरीत मृत्युदंड ठोठावला.

लंडनमधली नऊ वर्षे एकाकी गेली. इंग्रजी त्याला धड आली नाही, धुके आणि रविवारची सामसूम त्याला सोसवत नसे. १८७५ मध्ये त्याची दहा महिन्यांची मुलगी वारली. त्यानंतर कित्येक महिने त्याच्या हातून काही लिहून झाले नाही. लंडनविषयी त्याने पुढे ‘ला र्‍यू आ लाँद्र’ हे पुस्तक लिहिले. त्यात त्या शहराची निंदाच अधिक आहे. पण एका वास्तूपुढे त्याची लेखणी नमते. ती वास्तू म्हणजे ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय. १८५७ मध्ये उघडलेल्या त्या भव्य घुमटाखाली परदेशी निर्वासितालाही मेज मिळत असे, दिवा आणि ऊब मिळत असे, हवे ते पुस्तक हाती येत असे. ‘पुस्तकांचे बळी’ लिहिणारा वालेस तेथे दिवसचे दिवस बसून राहिला.

याच वनवासात त्याचे खरे साहित्य जन्मले. ‘साँ फामी’चा लेखक हेक्तॉर मालो याने मित्रासाठी पॅरिसमध्ये खटपट केली, झोलानेही शब्द टाकला. मृत्युदंड झालेल्या माणसाचे नाव छापणे शक्य नव्हते. म्हणून १८७८ मध्ये ‘ल सिएक्ल’ या दैनिकात ‘ज्याक वँत्रास’ ही कादंबरी टोपणनावाने क्रमशः आली. १८७९ मध्ये ती पुस्तकरूपाने निघाली, तेही दुसऱ्याच टोपणनावाने. हीच पुढे ‘लाँफाँ’ म्हणजे ‘मूल’ या नावाने प्रसिद्ध पावली. नायकाच्या नावाची आद्याक्षरे लेखकाचीच आहेत, हे जाणत्यांच्या लगेच लक्षात आले. शाळेत आणि घरात जे मार खातात, कंटाळ्याने गुदमरतात, अशा सर्वांना ती अर्पण केलेली आहे. आईबापांवर असे लिहावे काय, म्हणून टीकाकारांनी गहजब केला. त्या आक्षेपात तथ्य नाही असे नाही. आईचे चित्र काही ठिकाणी व्यंगचित्राकडे झुकते. पण पुस्तक वाचून संपवल्यावर मनात राग उरत नाही. दारिद्र्याला भिऊन कठोर झालेल्या दोन माणसांची कणवच उरते. वर्तमानकाळातील तुटक वाक्ये, बोलभाषेतले शब्द, वास आणि रंग यांची भरमार, असे हे गद्य त्या काळी कोणीच लिहीत नव्हते. ते वृत्तपत्रातून आलेले होते. साहित्यातून पत्रकारितेत उतरलेले लेखक पुष्कळ असतात, पण वालेसने पत्रकारितेची भाषा वर नेऊन कादंबरीच्या मखरात बसवली.

जुलै १८८० मध्ये सार्वत्रिक माफी जाहीर झाली आणि तो पॅरिसला परतला. १८८१ मध्ये ‘ल बाशेलिए’ हा दुसरा भाग आला. भुकेल्या पदवीधराची ती कहाणी. याच सुमारास कारोलिन रेमी या तरुण स्त्रीने त्याची लेखनिक म्हणून काम सुरू केले. तिच्या घरच्यांचा या कामाला कडवा विरोध होता. वालेसने तिला पत्रकारितेचे धडे दिले. ‘सेव्हरीन’ या नावाने ती पुढे फ्रान्समधील अग्रगण्य पत्रकार झाली. तिच्याच साहाय्याने २८ ऑक्टोबर १८८३ रोजी ‘ल क्री द्यु पप्ल’ पुन्हा सुरू झाले. एकमेकांशी न पटणारे सर्व पंथांचे समाजवादी त्यात लिहीत. कोणाचेही तोंड बंद करायचे नाही, हे १८७१ चे धोरण संपादकाने सोडले नव्हते.

मधुमेहाने शरीर पोखरले होते. १४ फेब्रुवारी १८८५ रोजी वालेसचे पॅरिसमध्ये निधन झाले. दोन दिवसांनी पेर लाशेझच्या दफनभूमीकडे निघालेल्या अंत्ययात्रेत हजारोंचा समुदाय लोटला. जर्मन समाजवाद्यांनी पाठवलेल्या पुष्पचक्रावरून वाटेत विद्यार्थ्यांशी चकमकही उडाली. तिसरा भाग ‘लँस्युर्जे’, म्हणजे ‘बंडखोर’, अपुरा राहिला होता. सेव्हरीनने मागे राहिलेली टिपणे व कात्रणे जुळवून तो पुरा केला आणि १८८६ मध्ये प्रसिद्ध केला. १८७१ च्या मृतांना तो अर्पण केलेला आहे. वृत्तपत्राची सूत्रेही तिनेच हाती घेतली. फ्रान्समध्ये मोठे दैनिक चालवणारी ती पहिली स्त्री मानली जाते. पंथापंथांच्या भांडणांना कंटाळून १८८८ मध्ये ती तेथून बाहेर पडली. दुसऱ्याच वर्षी ते पत्र बंद झाले.

फ्रान्समधील कित्येक शाळांना आज वालेसचे नाव आहे. ‘लाँफाँ’मधील उतारे तेथील मुलांना वर्गात शिकवले जातात आणि त्यांवर परीक्षेत प्रश्नही विचारले जातात. परीक्षेचे नाव अजूनही बाकालोरेआच आहे.